जेटीवरून माकली गरवायची कशी, साफ कशी करायची आणि आमिषाला कशी ठेवायची

हा लेख जेटीवर किंवा खडकावर उभं राहून हातातल्या रॉडने माकली, म्हणजे इंग्रजीत स्क्विड, पकडायला बघणाऱ्यांसाठी आहे, ट्रॉलरवाल्यांसाठी नाही आणि ज्यांचे आजोबा होडीत वाढले त्यांच्यासाठी तर अजिबात नाही, त्यांना हे सगळं न वाचता येतं. दिवाळीनंतर रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही जेटीवर संध्याकाळी गेलात तर पुण्या-मुंबईकडून आलेली नवी मंडळी महागडा रॉड घेऊन चुकीच्या दिवशी चुकीच्या पाण्यात जिग (माकलीसाठीचं खोटं आमिष) फेकत बसलेली दिसतात, आणि शेजारी एखादा पोरगा साध्या डोरीवर चार माकल्या काढून घरी निघालेला असतो. त्या पोराचा हात चांगला असतो हे खरंच, पण बऱ्याचदा फरक एवढाच असतो की तो कुठल्या दिवशी यायचं ते बघून आलेला असतो. म्हणून या लेखात सामानापेक्षा तिथीवर जास्त लिहिलंय, कंटाळा आला तरी तेवढा भाग सोडू नका.

१. आधी कोणती माकली ते बघा

बाजारात माकली, माकूल, म्हाकूल ही सगळी नावं सरसकट चालतात, गोव्यात माणकी म्हणतात. पण त्यात दोन वेगळे प्राणी येतात. एक लांबट नळीसारखी, आत पारदर्शक, प्लास्टिकची वाटावी अशी पातळ पट्टी असलेली. दुसरी रुंद, चपटी, पाठीत पांढरं जाड कवच असलेली, तेच कवच किनाऱ्यावर वाहून येतं आणि आपण त्याला समुद्रफेस म्हणतो, पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात ते. दोन्ही खायला छान, दोन्ही जिगला येतात, साफ करायची पद्धतही जवळपास सारखी, पण आपण इथे मुख्यतः पहिलीबद्दल बोलतोय.

पहिलीतही आपल्याकडे दोन भेटतात. ट्रॉलरच्या जाळ्यात ढिगाने येते ती लहानखुरी, तिचे पर फक्त शेपटीकडे, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे. खडकाळ, गवताळ आणि स्वच्छ पाण्यात किनाऱ्याजवळ येते ती दुसरी, तिचे पर शरीराच्या पूर्ण लांबीवर दोन्ही बाजूंनी झालर लावल्यासारखे असतात आणि ती बऱ्यापैकी मोठी होते. जेटीवरून रॉडने मजा येते ती हिची. दोघींना आठ हात आणि दोन लांब सोंडा, शिकारीवर त्या सोंडा झटकन बाहेर येतात. वर्षभराच्या आसपास आयुष्य, त्यामुळे वाढायची घाई आणि भूक प्रचंड, समोर आपल्याच जातीची छोटी आली तरी सोडत नाहीत. तुमच्या फायद्याची गोष्ट म्हणजे एक गळाला लागली की मागून दुसरी बघायला येते, म्हणून पहिली काढल्यावर फोटो काढत बसू नका, जिग परत पाण्यात टाका, फोटो नंतर.

२. तिथी बघा, मग बॅग भरा

माकली डोळ्यांनी शिकार करते. पाणी गढूळ असेल तर तिला जिग दिसत नाही, विषय संपला. म्हणून पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे, नद्या-खाड्यांचं लाल पाणी समुद्रात असेपर्यंत, जाण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरच्या शेवटाला पाणी निवळायला लागतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ, पुढे मेपर्यंतही मिळतात पण वाऱ्याचे दिवस सांभाळावे लागतात. मुंबईच्या आसपास पाणी तसं बारा महिने मातकटच, तिथे या प्रकारात फार वेळ घालवू नका असंच मी सांगेन. जितकं दक्षिणेला जाल, देवगड, मालवण, वेंगुर्ला, तितकं पाणी स्वच्छ.

आता महिन्यातले दिवस. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचं पाणी असतं, भरती-ओहोटीत फरक मोठा, करंट जोरात, तळाचा गाळ ढवळून वर येतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी, करंट मंद, गाळ खाली बसतो. माकलीसाठी भांगाचे दिवस.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब बऱ्याच जणांना घरातल्या म्हाताऱ्यांकडून माहीत असेल: तिथीला पाऊणने गुणा, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला पंधरावी तिथी धरून सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती, म्हणजे अष्टमीला सकाळीही सहाच्या सुमारास आणि संध्याकाळीही, साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मोघम आहे, मुंबईपेक्षा मालवणकडे भरती थोडी आधी येते, आणि हल्ली मोबाइलवर भरतीचं टाइमटेबल मिनिटासकट मिळतं, ते बघाच. पण हिशोब डोक्यात असला की कॅलेंडर बघूनच पुढच्या महिन्याची सुट्टी टाकता येते.

आता हे दोन्ही जोडा. माकली किनाऱ्याजवळ येते ती दिवस मावळताना, रात्री आणि पहाटे, आणि पाणी भरलेलं असताना, कारण तेव्हा जेटीच्या पायाशी आणि खडकांत तिला शिरायला खोली मिळते. आपल्या किनाऱ्यावर भांगाच्या दिवसांत भरती नेमकी तिन्हीसांजेलाच येते. सप्तमी ते एकादशी, पाणी शांत, पाणी स्वच्छ, आणि साधारण पाच ते सव्वाआठच्या मधे फुल भरती. यापेक्षा चांगला योग नाही. त्यातही निवड असेल तर कृष्ण पक्षातली अष्टमी ते एकादशी घ्या, कारण तेव्हा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, संध्याकाळ मिट्ट काळोखी असते आणि जेटीवर दिवा असेल तर सगळी बारीक मासळी त्या उजेडात गोळा होते, मागोमाग माकली. शुक्ल पक्षातल्या अष्टमीला चंद्र डोक्यावर असतो, उजेड सगळीकडे पसरलेला, माकलीही पसरलेली. मिळत नाही असं नाही, पण शोधावी लागते.

एकादशीला घरी मासे चालत नसतील तर पकडायला काय हरकत आहे, बर्फात ठेवा, द्वादशीला खा. माकली एक दिवस बर्फात छान राहते.

३. सामान

रॉड ७ ते ८ फुटी, हलका, टोक लवचिक. रील २५०० किंवा ३००० नंबरचं. ब्रेड लाइन (विणलेली दोरी) १० ते १५ पाउंडांची, तिच्या पुढे वाव-दीड वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर) फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे जिगच्या आधीचा पारदर्शक दोरीचा तुकडा, साधारण तेवढ्याच ताकदीची, आणि टोकाला छोटा स्नॅप (उघडणारी कडी), म्हणजे जिग पटकन बदलता येतो. तांबोशीसारख्या मोठ्या माशासाठी घेतलेला जाडजूड रॉड वापरू नका, माकलीच्या सोंडा नाजूक असतात, जोरात खेचलंत तर गळाला फक्त सोंड येते आणि माकली जाते.

जिग म्हणजे कोळंबीच्या आकाराचं खोटं आमिष, अंगावर कापड, पोटाखाली शिसं आणि शेपटीला वरच्या दिशेने वाकवलेल्या बिनकाट्याच्या सुयांचा मुकुट. मूळची जपानी चीज, तिकडे एगी म्हणतात, आधी लाकडाची करायचे. यात नंबर असतात: २.५ नंबर साधारण साडेसात सेंटिमीटर, ३ नंबर नऊ, ३.५ नंबर साडेदहा सेंटिमीटर आणि वीसेक ग्रॅम. लहान जातीसाठी २ किंवा २.५, झालरवालीसाठी ३ आणि ३.५. नवख्याने २.५ चे दोन आणि ३ चे दोन घ्यावेत, एक नारिंगी किंवा गुलाबी, एक तपकिरी-हिरवट कोळंबीच्या रंगाचा, बाकी आवडीप्रमाणे. संधिप्रकाशात भडक रंग, स्वच्छ पाण्यात उजेड असताना नैसर्गिक रंग, एवढा नियम पुरतो. ऑनलाइन दहाचा सेट स्वस्तात मिळतो तो घेताना एक सांगतो, बादलीत टाकून बघा, चांगला जिग नाक खाली करून तिरका, हळूहळू बुडतो. जो पाठीवर उलटतो किंवा दगडासारखा खाली जातो तो माकली धरत नाही, मुलांना खेळायला द्या.

बाकीचं सामान:

- लांब दांड्याचं हातजाळं. जेटी उंच असेल तर याशिवाय जाऊच नका, वर उचलताना माकली सुटते.
- डोक्याला लावायचा टॉर्च, शक्यतो लाल उजेडाची सोय असलेला.
- बर्फाची पेटी, आणि त्यात मोकळा बर्फ नको, बाटल्यांत गोठवलेलं पाणी. का ते पुढे येईल.
- झिपच्या पिशव्या, जुनं फडकं, बादली आणि तिला दोरी.
- टोकदार सळई किंवा जाड दाभण.
- गडद रंगाचे जुने कपडे. शाईचा डाग पांढऱ्या शर्टावर बसला की लगेच गार पाण्याने धुतला तरच जातो, वाळला की कायमचा.
- तळाला पकड असलेले बूट. चपला नकोत, स्लिपर तर अजिबात नकोत.

४. कागदपत्रं, परवानगी आणि कुठे उभं राहायचं नाही

आधार कार्ड किंवा लायसन्स जवळ ठेवा. २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनाऱ्यावर रात्री फिरणाऱ्या अनोळखी माणसाला सागरी पोलीस हटकतात आणि ते बरोबरच आहे. नीट उत्तर दिलं, कुठे उतरलाय ते सांगितलं की झालं. होडीने जाणार असाल तर प्रत्येकाचं ओळखपत्र आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट, ‘आम्हाला पोहता येतं’ हे कारण चालत नाही.

जेटी ही सरकारी मालमत्ता असते, कुठे प्रवासी बोटी लागतात, कुठे मासे उतरवतात. बंदराच्या ऑफिसात किंवा तिथल्या वॉचमनला विचारून उभे राहा. मासेमारीच्या जेटीवर सकाळी होड्या लागतात तेव्हा गर्दीत रॉड घेऊन घुसू नका, त्यांचं पोट त्यावर आहे आणि तुमचा टाइमपास. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यात येतो, तिथे काय चालतं काय नाही हे स्थानिकांना आणि वनखात्याला विचारल्याशिवाय लाइन टाकू नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तारखा कधीकधी पुढे ढकलतात. तुम्ही जेटीवर असलात तरी या काळात घरी बसा, समुद्र खवळलेला, पाणी गढूळ, मिळणार काहीच नाही.

आणि दिव्यांबद्दल. माकली उजेडाला येते हे कळल्यावर जनरेटर लावून मोठे एलईडी पाण्यावर सोडायची कल्पना कुणाला ना कुणाला सुचतेच. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी लावून मासेमारीवर बंदी घातली आहे आणि कोकणात पारंपरिक मच्छीमारांचा त्यावरून मोठा संघर्ष चालू आहे, कारण त्या उजेडात लहान-मोठं सगळंच ओढून काढलं जातं. जेटीवरचा आहे तो दिवा वापरा, स्वतःची दिवाळी करू नका.

खडकावरून गरवणार असाल तर ओहोटीला जागा बघून ठेवा. भरतीला मागची वाट पाण्याखाली जाते का, हे आधी समजलं पाहिजे, अंधारात नाही. हिरव्या शेवाळावर पाय ठेवायचा नाही, काळा ओला खडक दिसला तर तिथपर्यंत लाट येते असं समजायचं. एकट्याने जाऊ नका.

५. फेकायचं कसं आणि ओढायचं कसं

अंधार पडल्यावर जेटीवर दिवा असेल तर नवखा माणूस बरोबर उजेडाच्या मधोमध जिग टाकतो. माकली तिथे नसते. ती उजेड आणि सावलीच्या रेषेवर, सावलीच्या बाजूला थांबते आणि उजेडातल्या बारीक मासळीवर झेप घेते. जिग उजेडाच्या पलीकडे टाका आणि रेषेतून अलीकडे आणा. जेटीच्या खांबांच्या सावल्या, नांगरलेल्या होडीची सावली, या सगळ्या तिच्या जागा.

फेकलं की जिग बुडू द्या. मनात आकडे मोजा, तळाला टेकला की लाइन सैल पडते, तो आकडा लक्षात ठेवा, पुढच्या वेळी दोन-तीन आकडे आधीच थांबा म्हणजे खडकात अडकणार नाही. मग रॉड दोनदा वर झटका, टक्-टक्, जिग कोळंबीसारखा उडी मारतो. आणि थांबा. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं, माकली धरते ती जिग खाली येताना, वर जाताना नाही. पाच-सात आकडे मोजा, लाइन ना ताठ ना ढिली अशी ठेवा, मग परत दोन झटके. नवखे लोक सतत झटके मारत राहतात, बिचारी माकली पकडणार कधी.

चावा जाणवेलच असं नाही. मासा ठोकर मारतो तसं इथे होत नाही. एकतर खाली जाणारी लाइन मधेच थांबते, किंवा आडवी सरकायला लागते, किंवा रॉड उचलल्यावर नुसतं जड लागतं, गवतात अडकल्यासारखं. असं काहीही वाटलं की रॉड सावकाश, पण न थांबता वर घ्या. झटका नको.

टॉर्च पाण्यावर मारू नका. चमकणारा जिग असेल तर पाण्याकडे पाठ करून त्यावर थोडा वेळ उजेड मारा, म्हणजे अंधारात तो मंद चमकतो.

ज्यांच्याकडे रॉड नाही त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. अख्खी ताजी तारली किंवा पेडवा सुयांचा मुकुट असलेल्या तारेवर ओवायचा, वर तरंगता बुचाचा गोळा, खाली एखाद-दोन वाव डोरी, आणि टाकून बसायचं. बूच तिरकं सरकायला लागलं की थोडं थांबून, तिला नीट मिठी मारू देऊन, हळू ओढायचं. माझ्या मते शांत पाण्यात हे जिगपेक्षा कमी नाही, उलट लहान मुलांना घेऊन गेलात तर हेच बरं.

६. लागल्यावर

सुयांना काटा नसतो, लाइन क्षणभर ढिली पडली की ती सुटली. रॉड वाकलेला ठेवून एका लयीत रील फिरवा. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, सैल ठेवा, ती पाण्याचा झोत सोडून मागे पळते तेव्हा लाइन सुटली पाहिजे, नाहीतर सोंड तुटते. दोन-तीनदा पळेल, मग दमते.

हातजाळं तिच्या शेपटीच्या बाजूने, मागून घाला. माकली घाबरली की मागे पळते, म्हणजे आपणहून जाळ्यात शिरते. समोरून जाळं दाखवलंत तर निसटते.

वर घ्यायच्या आधी पाण्यातच तिला पिचकारी मारून होऊ द्या, काही वेळ थांबा. वर आल्यावर तिची पिचकारी, म्हणजे डोक्याखालचं छोटं तोंड, कुणाच्या अंगाकडे नसेल असं धरा. पाठीवरून, डोक्याच्या मागे पकडा, हातांच्या मधे बोट घालू नका, तिथे पोपटासारखी चोच असते आणि ती चावते.

फार लहान आली तर सोडून द्या, ओल्या हाताने. आणि गवतात पांढऱ्या, बोटाएवढ्या शेंगांचे झुबके दिसले तर ती माकलीची अंडी आहेत, तिथे गळ ओढून ती उपटू नका.

७. मारणं आणि बर्फ

बादलीत तडफडत ठेवलेली माकली सगळीकडे शाई करते आणि चवही जाते. दोन डोळ्यांच्या मधे थोडं मागे दाभण टोचा, शेपटीच्या दिशेने तिरकं. बरोबर बसलं तर बघता बघता अंगाचा तपकिरी रंग उडून ते पांढरंफटक होतं, जणू कुणी दिवा बंद केला. मग त्याच जागेवरून हातांच्या दिशेने टोचा, डोकंही पांढरं पडतं. दोन सेकंदांचं काम.

आता इथे बहुतेक लोक माती करतात. पकडलेली माकली बर्फाच्या पाण्यात टाकतात. गोडं पाणी लागलं की तिचं मांस पाणी पितं, बुळबुळीत होतं आणि गोडवा जातो. झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा, पिशवी बर्फावर. धुवायचं झालं तर समुद्राच्याच पाण्याने.

८. साफ करणं

कोळीण मावशी हे काम बोलता बोलता करतात, सुरीही लागत नाही. घरी पहिल्यांदा करताना सिंकमध्ये करा आणि खाली वर्तमानपत्र टाका.

डाव्या हातात नळी, म्हणजे तिचं लांबट अंग, उजव्या हाताने डोकं धरून हलकं पिळत सावकाश ओढा. डोक्याबरोबर आतडी बाहेर येतात. त्यातच चंदेरी, बारीक, लांबट पिशवी दिसते ती शाईची, ती फुटू देऊ नका. फुटलीच तर घाबरायचं नाही, शाई विषारी नसते, धुवून टाका.

नळीच्या तोंडाशी आत बोट घाला, कडक टोक लागेल, ते धरून ओढलं की पारदर्शक पट्टी अख्खी बाहेर येते. मोडली तर आत तुकडा राहतो आणि नेमका पाहुण्याच्या दाताखाली येतो, म्हणून शेपटीपर्यंत बोट फिरवून बघा. समुद्रफेसवाली असेल तर पाठीवर उभा चीर देऊन कवच काढावं लागतं.

पर धरून ओढा, त्यांच्याबरोबर जांभळट कातडीही सुटायला लागते, ती कोरड्या फडक्याने धरून सोलायची, ओल्या हाताला घसरते. कालवणात घालणार असाल तर कातडी ठेवली तरी चालते, माझ्या घरी ठेवतातच, रंगही येतो. तळायची असेल तर काढा, कारण कातडी आकसते आणि रिंग वेडीवाकडी होते. पर टाकून देऊ नका, खातात ते.

डोळ्यांच्या खाली, हातांच्या लगतच आडवा काप द्या. हातांच्या मधे दाबलं की चोच टपकन बाहेर येते. हातांवरच्या वाट्यांना बारीक दातेरी कडा असतात, सुरीच्या मागच्या धारेने खरवडून काढा, नाहीतर खाताना कचकच लागतं. शेवटी नळी आतून बाहेर उलटी करून एकदा धुवा, तेवढंच. हळद-मीठ लावून तासभर पाण्यात ठेवू नका. साफ केल्यावर साधारण दोन तृतीयांश वजन हातात राहतं, म्हणजे कोळंबीपेक्षा परवडते.

ज्यांना कोळंबी, तिसऱ्यांची ॲलर्जी आहे त्यांनी माकलीपासूनही लांब राहा, बऱ्याच जणांना दोन्हीची एकत्रच असते.

९. कढईत

‘माकली रबरासारखी होते’ ही तक्रार सगळ्यांची. कारण सोपं आहे. मांस तापलं की दोन-तीन मिनिटांत आकसून घट्ट होतं, आणि पुढे अर्धा-पाऊण तास मंद शिजलं की आतले चिवट तंतू विरघळून परत मऊ होतं. म्हणजे एकतर दोन मिनिटं, नाहीतर चाळीस मिनिटं. लोक दहा-पंधरा मिनिटं शिजवतात, मासा समजून, आणि मग चावत बसतात.

झटपट: अर्धा इंचाच्या रिंगा, कोकमाचं आगळ, हळद, मीठ आणि मालवणी मसाला लावून दहा मिनिटं. फडक्याने टिपून, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून कडक गरम तेलात. रिंगांच्या कडा सोनेरी झाल्या की लगेच बाहेर. एका वेळी मूठभरच टाका, तवा गार पडला की पाणी सुटतं आणि तळण्याऐवजी उकडतात.

सावकाश: अर्धा किलो माकलीला दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलावर चांगले परता, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण, हळद, दोन चमचे मालवणी मसाला. तेल सुटलं की माकली टाका, झाकण, वर पाणी. आत थेंबभरही पाणी घालू नका, ती स्वतःच इतकं पाणी सोडते की पहिल्यांदा करणारा घाबरतो. मंद आचेवर ते पाणी आटेपर्यंत, साधारण चाळीस मिनिटं, मग तीन-चार कोकमं, मीठ, मूठभर ओलं खोबरं. मीठ शेवटी, कारण माकली मुळातच खारट. भाकरीबरोबर, तांदळाच्या.

भरलेल्या माकल्यांसाठी नळ्या अख्ख्या ठेवा, हात आणि पर बारीक चिरून कांदा-खोबऱ्यात परतून भरा, पण दोन तृतीयांशच भरा. नळी आकसते, गच्च भरली तर तव्यावर फुटते. तोंडाला टूथपिक.

१०. आमिष

आमिष म्हणून माकली आवडते त्याचं कारण तिचा चिवटपणाच. तारली किंवा कोळंबी एका ठोकरीत गळावरून जाते, माकलीची पट्टी बारीक मासळीने कुरतडली तरी टिकते. तांबोशी, गोब्रा, शिंगाळा सगळे घेतात, आणि वाळूच्या किनाऱ्यावरून मुडदुशीला अगदी बारीक काडीएवढा तुकडा. मात्र शिंगाळा आला तर काट्यांना हात लावू नका, पक्कड वापरा.

नळी उभी चिरून सपाट उघडा. बोटाएवढ्या रुंदीच्या, हाताच्या पंजाएवढ्या लांब पट्ट्या कापा, एका टोकाला निमुळत्या, दुसऱ्या टोकाला मधे चीर देऊन शेपटी केलेल्या. गळ निमुळत्या टोकाला एकदाच टोचा. दोन-तीनदा ओवून गोळा केला की पट्टी पाण्यात गरगर फिरते, लीडरला पीळ पडतो आणि मासा जवळ येत नाही. मोठ्या तांबोशीसाठी डोकं अख्खं, हातांसकट, गळ डोळ्यांच्या मधून. आमिषाला कातडी काढायची नाही, वास आणि रंग त्यातच असतो.

गरवून मिळाली नाही तर आमिषासाठी बाजारातून घ्या, काही कमीपणा नाही. हर्णै, मिरकरवाडा, मालवणची दांडी, कुठेही होड्या लागायच्या वेळी जा. अंगावर तपकिरी-जांभळे ठिपके स्पष्ट दिसत असतील, डोळे स्वच्छ असतील तर ताजी. ठिपके पुसट होऊन सगळं अंग गुलाबी पडलं असेल तर जुनी, आमिषाला चालेल पण कढईत नको. नाकाला झोंबणारा वास आला तर दोन्हीला नको. सुपरमार्केटातल्या पांढऱ्याशुभ्र सोललेल्या नळ्या आमिषाला फारशा कामाच्या नाहीत, धुऊन धुऊन वास गेलेला असतो.

साठवायला खडे मीठ. डब्यात मिठाचा थर, पट्ट्यांचा थर, परत मीठ, रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी सुटलेलं पाणी ओतून द्या, पट्ट्या टिपून छोट्या छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये, एका वेळेला लागतील तेवढ्याच. खारवलेल्या पट्ट्या दगडासारख्या गोठत नाहीत, पुडी काढली की लगेच वापरता येते, महिनोन्महिने टिकते. किनाऱ्यावर उन्हात राहिलेली पुडी परत फ्रीझरमध्ये ठेवू नका, तिथेच मासळीला टाका. आणि पुडीवर मार्करने ठळक ‘आमिष’ लिहा, तारीख घाला, खाण्याच्या माकलीपासून वेगळ्या कप्प्यात ठेवा, म्हणजे रविवारी घाईत कुणी तीच कालवणाला काढणार नाही.